उतारावरचा वेग : वाचकांचे प्रश्न

तीव्र उतारावर गाडी ताब्यात कशी ठेवायची, यावर आलेल्या प्रश्नांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र केली आहेत.

माझी गाडी फोर बाय फोर आहे. कच्च्या वाटेवर उतार लागला की पहिला गिअर टाकतो, तरी गाडी पळत सुटते आणि सारखा ब्रेक दाबावा लागतो. चुकतं कुठे?

गिअर बरोबर आहे, रेंज चुकते आहे. फोर हायमध्ये, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या रेंजमध्ये, चारही चाकं इंजिनाला जोडली जातात, पण गिअरचं प्रमाण बदलत नाही. उतारासाठी फोर लो, म्हणजे चाकं हळू पण जोराने फिरवणारी रेंज, लागते.

हिशेब करून बघा. समजा पहिल्या गिअरचं प्रमाण ४.०, लो रेंजचं २.५ आणि अ‍ॅक्सलचं ४.१ आहे. गुणाकार आला ४१. चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनाचे ४१ फेरे व्हावे लागतात. ३१ इंची टायरचा घेर सुमारे २.४७ मीटर असतो. इंजिन ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, असेल तर ही गाडी ताशी ३ किलोमीटरच्या आत राहते, माणूस रमतगमत चालतो त्या चालीने. हाय रेंजच्या पहिल्यात त्याच आरपीएमला ती ताशी ७च्या वर जाते. शिवाय इंजिनाचा जो अडथळा चाकांपर्यंत पोचतो, तोही लोमध्ये अडीच पट होतो, आणि उतारावर खरं काम हाच अडथळा करतो. हायमध्ये गाडीचं वजन इंजिनाला रेटत नेतं, लोमध्ये इंजिन वजनाला धरून ठेवतं.

रेंज उतार सुरू होण्याआधी, सपाटीवरच बदला. गाडी पूर्ण थांबवा, गिअर न्यूट्रलला आणा, फोर लो टाका, डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर लागला का ते बघा आणि मग चार-पाच मीटर गाडी चालवून खात्री करा. ही चार-पाच मीटरची परीक्षा टाळू नका. ट्रान्सफर केसचा, म्हणजे रेंज बदलणाऱ्या गिअरपेटीचा, लिव्हर हायकडून लोकडे जाताना मध्ये न्यूट्रल येतं. दाते अर्धवट बसले आणि गाडी तशीच उताराला लागली, तर इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. अशा वेळी ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये (पार्किंग) टाकली तरी थांबत नाही, कारण ‘पी’चं कुलूप गिअरबॉक्सला लागतं आणि चाकं त्याच्यापासून सुटलेली असतात.

एकदा पहिला गिअर पडला की क्लच पूर्ण सोडा आणि डावा पाय पेडलपासून लांब, जमिनीवर टेकवून ठेवा. पाय नुसता क्लचवर ‘टेकलेला’ असला तरी धक्का बसताच तो दाबला जातो.

क्लच दाबून, ब्रेकवर हळूहळू उतरलं तर इंजिनाला त्रास होत नाही, असं जुने ड्रायव्हर सांगतात. हे बरोबर आहे का?

इंजिनाला त्रास होत नाही हे खरं, पण क्लच प्लेटला होतो, तोही जिवावर बेतणारा. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण क्लच प्लेट गिअरबॉक्सला जोडलेलीच असते आणि तिला चाकं फिरवतात. वरच्याच उदाहरणातली गाडी लो रेंजच्या पहिल्यात क्लच दाबून घसरू लागली आणि वेग ताशी ४० झाला, तर प्लेट ११,००० आरपीएमच्या वर फिरते. तिचं अस्तर एवढ्या वेगासाठी बनवलेलंच नसतं. ते फुटून तुकडे बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात, उडतात आणि त्यानंतर क्लच सोडला तरी इंजिन गाडीला धरू शकत नाही. २० अंशांच्या उतारावर मोकळी सुटलेली गाडी हा वेग चार-पाच सेकंदांत गाठते.

उतारावर क्लचला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. आरपीएम लाल रेषेकडे चढायला लागले तर गिअरमध्ये राहूनच हलका ब्रेक लावा. उताराच्या मध्यावर गिअर खाली टाकायचा प्रयत्नही नको. न्यूट्रलमधल्या त्या एका क्षणात गाडी एवढा वेग घेते की पहिला गिअर पडतच नाही.

म्हणजे ब्रेक अजिबात लावायचाच नाही का?

लावायचा, पण इंजिनाच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही. इथे दोन वेगळे धोके आहेत आणि बहुतेक पत्रांत त्यांची सरमिसळ झाली आहे.

छोट्या, अवघड उतारावर धोका असतो चाक जाम होण्याचा. फिरणारं चाक वळवलं की गाडी वळते. जाम झालेलं चाक कुठेही वळवा, गाडी उतार नेईल तिकडे जाते. सुट्या खडीवर पेडल जरा जोरात दाबलं तरी चाक थांबतं. म्हणून ब्रेक थेंबाथेंबाने, चाक फिरतं राहील इतकाच. उतरताना खिडकीची काच खाली ठेवा. टायर खडी तुडवत जातोय की घासत जातोय, हे कानाला आधी कळतं.

लांबलचक उतारावर धोका असतो तापण्याचा. २,००० किलोची गाडी १०० मीटर उंची उतरली की सुमारे १९.६ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकवर टाकली आणि चारही डिस्कचं लोखंड मिळून ३० किलो धरलं, तर वाऱ्याने थंड होणं सोडून डिस्क जवळपास १४० अंशांनी तापतात. ३०० मीटर उतरलात तर हा आकडा ४०० अंशांच्या पुढे जातो, आणि रांगत्या वेगात थंड करायला वारा तरी कुठून येणार?

तापलेला ब्रेक दोन प्रकारे दगा देतो आणि फरक पेडलवर कळतो. पेडल कडक लागतंय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून गुळगुळीत झालेत. पेडल मऊ पडून खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण बुडबुडे दाबले जातात आणि पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांपर्यंत गेल्यावर तो किमान १५५ अंश इतकाच अपेक्षित असतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. पॅड नवे टाकून ऑइल चार-चार वर्षं तेच ठेवणारे बरेच जण असतात. डोंगरवाटेवर जाणाऱ्याने ते दर दोन वर्षांनी बदलावं.

मऊ पेडल जाणवलं तर ते भराभर तीन-चार वेळा पंप करा, थोडा दाब परत येतो. तेवढ्यात गाडी सुरक्षित जागी थांबवून अर्धा तास थंड होऊ द्या. वर पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

गाडीचं मागचं टोक अचानक एका बाजूला सरकू लागलं. मी ब्रेक दाबला तर आणखी आडवी झाली. काय करायला हवं होतं?

नेमकं उलट, म्हणजे ब्रेक सोडून हलकी रेस द्यायला हवी होती. मन तयार होत नाही, पण त्यामागचं कारण साधं आहे. मागची चाकं जमिनीपेक्षा हळू फिरत होती, म्हणून घसरत होती. ब्रेकने ती आणखी हळू झाली. रेस दिली की चाकाचा वेग जमिनीच्या वेगाला येऊन मिळतो, पकड परत येते आणि गाडी सरळ होते. रेस म्हणजे आरपीएम दोन-तीनशेने वाढेल इतकीच, पाय दणकन आपटायचा नाही. स्टेअरिंग घसरणाऱ्या टोकाच्या दिशेला, म्हणजे नाक पुन्हा थेट उताराकडे येईल असं फिरवा. गाडी सरळ झाली की पाय हळूच उचला आणि पुन्हा इंजिनावर सोपवा.

मागचंच टोक का सुटतं तेही सांगतो. उतारावर वजन पुढे जातं. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर २.५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटर आणि सपाटीवर पुढे-मागे निम्मं निम्मं वजन, अशी गाडी ३० अंशांच्या उतारावर घेतली तर सुमारे ६६ टक्के भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागे ३४ उरतो. हलकी झालेली मागची चाकं थोड्याशा ब्रेकनेही सुटतात. म्हणूनच उतरताना हँडब्रेक ओढणं हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण बहुतेक गाड्यांत तो फक्त मागच्या चाकांना लागतो. टू व्हील ड्राइव्हमध्ये, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, नुसतं इंजिन ब्रेकिंगही हेच करतं. चढायला फोर बाय फोर आणि उतरायला टू, ही सवय अनेकांची आहे आणि ती चुकीची आहे.

आणि उतार तिरका कापू नका. नाक सरळ खाली असेल तर घसरलेली गाडी खाली जाते. आडवी असेल तर खालच्या बाजूचं चाक एखाद्या दगडाला किंवा चराला अडतं आणि गाडी पलटी होते.

डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त असतं, म्हणून ते उतारावर जास्त धरून ठेवतं ना?

समज सर्वत्र आहे, पण तर्क चुकतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते. वर जाताना पिस्टनने तिला दाबायला जितकी ताकद घातली, तिचा बराचसा भाग खाली येताना ती परत देते. पेट्रोल इंजिनात रेस सोडली की थ्रॉटलची झडप बंद होते आणि पिस्टनला जवळपास बंद तोंडातून हवा ओढावी लागते. त्या ओढाताणीत गेलेली ताकद परत मिळत नाही, तोच ब्रेक. डिझेलमध्ये जोर इंधनाच्या मात्रेवर कमी-जास्त होतो, हवेचं तोंड तसं बंद होत नाही. मोठ्या ट्रकना एक्झॉस्ट ब्रेकसारखी (धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारी) वेगळी सोय म्हणूनच द्यावी लागते. तरीही डिझेल गाडी लोमध्ये चांगली उतरते, ती अंतर्गत घर्षणामुळे आणि गिअरच्या प्रमाणामुळे.

ऑटोमॅटिक गाडीत लो रेंजचा पहिला टाकूनही गाडी मॅन्युअलइतकी थांबत नाही. बिघाड आहे का?

बिघाड नाही, टॉर्क कन्व्हर्टर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घट्ट जोड नसून तेल असतं. चाकं उलटीकडून इंजिनाला फिरवू लागली की हे तेल बरंच निसटतं. ही निसट थांबवून घट्ट जोड देणारा लॉकअप क्लच बऱ्याच गाड्यांत पहिल्या गिअरमध्ये लागतच नाही. म्हणून इंजिनाने पुरेसं धरायला गाडीचा वेग थोडा जास्त व्हावा लागतो. उपाय म्हणजे ‘एल’ किंवा मॅन्युअल मोडमध्ये पहिला निवडा आणि जोडीला ब्रेकवर हलका, अखंड दाब ठेवा. ‘डी’मध्ये उतरू नका. वेग वाढला की गिअरबॉक्स स्वतःहून दुसरा, तिसरा टाकतो, म्हणजे जिथे धरायला हवं तिथे सोडून देतो.

हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग बांधून ठेवणारी यंत्रणा) असताना लो रेंजची गरज उरते का? आणि त्या वेळी येणारा घरघर आवाज नॉर्मल आहे का?

आवाजापासून सुरू करू. तो एबीएसच्या (चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेच्या) पंपाचा आणि झडपांचा आहे, पेडलही थरथरतं, काळजी नको. ही यंत्रणा चारही चाकांचा वेग सेन्सरने बघते आणि जे चाक जोरात जाऊ लागेल त्यालाच ब्रेक लावते. माणसाला एकाच पेडलने हे जमत नाही. १९९७ मध्ये लँड रोव्हरच्या फ्रीलँडरमध्ये ती पहिल्यांदा आली, कारण त्या गाडीला लो रेंजच नव्हती. जन्मच पर्याय म्हणून झाला असला, तरी लो रेंज असेल तर दोन्ही एकत्र वापरावं.

कारण ही यंत्रणा काम ब्रेककडूनच करून घेते. वर तापण्याचा जो हिशेब दिला, तो इथेही लागू आहे. ब्रेक फार तापले तर बऱ्याच गाड्यांत दिवा लुकलुकतो आणि यंत्रणा हळूहळू सोडून देते, नेमकी लांब उताराच्या शेवटी. लो रेंजच्या पहिल्यात असाल तर बराच भार इंजिन घेतं आणि ही वेळ येत नाही. बटण वरच, उतार लागण्याआधी दाबा आणि वेग सर्वांत कमी ठेवून सुरुवात करा. मध्येच घाबरून ब्रेक दाबू नका. पाय पेडलजवळ असू द्या, पेडलवर नको.

पकड मात्र कोणतंही बटण निर्माण करत नाही. ओल्या चिकणमातीवर घर्षणाचा गुणांक साधारण ०.३ धरला, तर सुमारे १७ अंशांच्या पुढे चारही चाकांना मिळूनही गाडी धरून ठेवता येत नाही. सुट्या खडीवर ०.५ ते ०.६ धरला तर ही मर्यादा २७ ते ३१ अंश. आणि उताराचा अंदाज डोळ्यांवर सोडू नका. गाडीतून ४५ अंशांचा वाटणारा उतार मोजला तर बऱ्याचदा ३०च्या आत निघतो. एक सपाट फळी उतारावर ठेवून तिच्यावर मोबाइलचं कोनमापक ठेवा, खरा आकडा कळतो. ३० अंश म्हणजे ५८ टक्के, ४५ अंश म्हणजे १०० टक्के उतार.

लो रेंजचा पहिला, क्लच सोडलेला, सगळं बरोबर. तरी एका चरावरून जाताना गाडी एकदम पुढे सटकली. का?

बहुधा एक चाक हवेत गेलं असावं. डिफरन्शियल (एका अ‍ॅक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांची जुळणी) उघडा, म्हणजे लॉक न केलेला, असेल तर इंजिनाचा अडथळा दोन्ही बाजूंना सारखाच वाटला जातो, आणि हवेतल्या चाकाला जमीनच धरत नसल्याने ते थांबतं किंवा चक्क उलटं फिरतं. तेवढ्या काळात जमिनीवरचं चाक मोकळं पळतं. म्हणजे त्या अ‍ॅक्सलचं इंजिन ब्रेकिंग क्षणभर नाहीसं होतं. चढताना हवेतलं चाक गरगर फिरतं ते सगळ्यांना दिसतं, उतरतानाची ही दुसरी बाजू कुणी बघत नाही.

मागचा डिफ लॉक असेल तर तो आधीच लावा. कायम फोर व्हील असलेल्या गाडीत सेंटर डिफ, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियल, लॉक करायलाच हवा, नाहीतर एकाच चाकामुळे सगळा अडथळा जातो. पुढचा लॉक उतरताना शक्यतो नको, स्टेअरिंग जड होऊन गाडी सरळच जाऊ पाहते. कुठलाच लॉक नसेल तर चराच्या तोंडावर पोचण्याआधी हलका ब्रेक लावून ठेवा. ब्रेकमुळे हवेतलं चाक मोकळं फिरू शकत नाही आणि अडथळा दुसऱ्या चाकापर्यंत पोचतो.

चढ अर्ध्यावर सुटला आणि इंजिन बंद पडलं. मागे कसं यायचं?

वळवून तर मुळीच नाही. मागे यायचं ते सरळ, रिव्हर्समध्ये.

पहिल्यांदा ब्रेक घट्ट दाबा आणि हँडब्रेकही ओढा. इंजिन बंद असताना बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या भागात) दोन-तीन वेळा पुरेल एवढाच व्हॅक्यूम उरतो, म्हणून पेडल सोडून पुन्हा पुन्हा दाबू नका, एकदाच दाबून धरा. क्लच दाबून इंजिन चालू करा, लो रेंजचा रिव्हर्स टाका, स्टेअरिंग सरळ आहे का ते पुढच्या चाकांकडे बघून तपासा, मग क्लच पूर्ण सोडत हँडब्रेक आणि त्यामागोमाग ब्रेक सोडा. क्लच दाबल्याशिवायही स्टार्ट घेणाऱ्या जुन्या गाड्यांत याहून चांगली रीत चालते : ब्रेकवरच रिव्हर्स टाका, क्लच सोडा, ब्रेक सोडा, गाडी गिअरवर उभी राहते. मग दोन्ही पाय लांब ठेवून किल्ली फिरवा. क्लचचा संबंधच येत नाही.

खाली येताना ब्रेक जोरात दाबू नका. पुढचे ब्रेक मुळात जास्त ताकदीचे असतात आणि आता पुढची चाकं वरच्या बाजूला, हलकी झालेली असतात. ती जाम झाली की स्टेअरिंग जातं आणि नाक फिरून खाली येऊ लागतं. इंजिनावरच या.

इलेक्ट्रिक फोर बाय फोरला सहसा लो रेंज नसते, मग ती उतरते कशी?

मोटर जनित्र बनते आणि उतारावरची ऊर्जा बॅटरीत जाते. दोन अटी आहेत. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ऊर्जा ठेवायला जागा नसते आणि हे ब्रेकिंग कमी होतं किंवा मिळतच नाही, म्हणून डोंगरमाथ्यावर १०० टक्के चार्ज करून निघू नका. आणि अगदी रांगत्या वेगाला काही गाड्यांत मोटरचं ब्रेकिंग विरत जातं, तिथे ब्रेक पेडल लागतंच.

वाळूच्या टेकडीवरूनही लोचा पहिलाच वापरायचा का?

नाही, इथे नियम बदलतो. मऊ वाळूत फार धरलेली पुढची चाकं वाळू पुढे ढकलत रुततात आणि मागचं टोक उचलू लागतं. लोचा दुसरा घ्या, माथ्यावर नाक सरळ खाली, उताराच्या दिशेला करून हळू ओलांडा आणि वाळूबरोबर गाडीला वाहू द्या. मागचं टोक सरकलं तर वर सांगितलेली हलकी रेस. ओल्या चिखलातही पहिल्यात चाकं घसरताना दिसली तर लोचा दुसरा बरा. टायरमधली हवा वाळूसाठी १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवता येते, पण त्या दाबावर पुढच्या टायरवर भार पडलेला असताना स्टेअरिंग झटक्याने फिरवलं तर टायर रिमवरून निघतो. पायथ्याशी वळायचं असेल तर गाडी सपाटीवर पूर्ण येऊ द्या, मग वळवा.